मामंजींचा नेम

"पाटीलबाई, तुमच्या गावात नशा करणारे किती?" फौजदारांनी विचारलं.

"एकही नाही, साहेब," मी म्हणाले.

ठाण्याच्या आवारात चिंचेखाली गावोगावचे आम्ही पोलीस पाटील सतरंजीवर बसलो होतो. कुणी दोन सांगितले होते, कुणी पाच. नवे फौजदार कोंढाळकर डाव्या तळहातावर तंबाखू मळत ऐकत होते. त्यांचा अंगठा थांबला.

"अख्ख्या कुरणवाडीत एकही नाही?"

"नाही साहेब. पिणारे पुष्कळ आहेत. तंबाखू खाणारे आहेत. मिसरी लावणाऱ्या बाया तर घरोघर आहेत. पण नशा कोणी करत नाही."

सगळे हसले. मला कळेना, हसण्यासारखं मी काय बोलले. आमच्याकडे दारू पितात, तंबाखू खातात, मिसरी लावतात, आणि नशा शहरातली पोरं करतात. बोलण्यातच तशी वाटणी झालेली होती, ती काही मी केली नव्हती.

"दारू सोडा, दारूच्या दुकानाला सरकारी परवाना असतो," साहेब म्हणाले. "मी गांजा-अफूचं विचारतोय. नशामुक्त गाव मोहीम आहे बाई. गाव मुक्त करायचं म्हणजे आधी गावात नशा पाहिजे. तुमच्याकडे काहीच नाही तर मी मुक्त कशातून करू? बघा, निदान एखादा तरी सापडतोय का."

मी मान डोलावली आणि खाली बसले. खरं सांगते, त्या घटकेला मामंजी माझ्या डोक्यातसुद्धा आले नाहीत.

मामंजी म्हणजे माझे सासरे. घरात आम्ही दोघंच. आमचे हे आदल्या वर्षी वारले. त्यानंतर मामंजींनीच मला पोलीस पाटलाच्या परीक्षेला बसवलं. "घरात बसून भिताडं बघण्यापरीस गावावर नजर ठिव," म्हणाले. मामंजी स्वभावानं तिरसट. शेजारणीच्या कोंबड्यांशी त्यांचं रोजचं भांडण, आणि भाकरी जरा कडक झाली तर ताटात वाजवून दाखवायचे. पण दिवेलागणीला हातपाय धुऊन माळावरच्या गोसाव्याच्या समाधीकडे निघाले की मुकाट असायचे. तिथं दिवा लावायचा, चिलीम भरायची, पहिला झुरका महाराजांना, मग प्रसाद म्हणून दोन झुरके आपण, आणि घरी. पाऊस असो, ताप असो, यात खंड नाही. त्याला आमच्या घरात नेम म्हणत. चिलमीत काय असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सदऱ्याला वास यायचा आणि मला तो मुळीच आवडायचा नाही. पण नेमाला नशा म्हणतात हे कोणाच्या ध्यानात येणार?

ते सरपंचांच्या ध्यानात आलं. संपतराव शेलार हे आमचे सरपंच दुपारपासूनच घ्यायचे. शेजारच्या गावाला मोहिमेत नशामुक्त गावाची कमान मिळणार असं त्यांच्या कानावर आलं, आणि आपल्या गावाची लाज जाते की काय या काळजीनं त्यांनी थेट ठाण्यात फोन लावला. मनात वाकडं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला मोठ्या अभिमानानं म्हणाले, "वैनी, आपल्याकडंबी एक हाय, म्हनून सांगितलं मी सायबास्नी."

कोण ते मात्र त्यांनी मला सांगितलं नाही.

संध्याकाळी गाडी आली. फौजदार, दोन हवालदार, पंच म्हणून सरपंच, आणि पोलीस पाटील म्हणून मी. गाडी माळाकडे वळली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, सरपंचांचा तो एक म्हणजे मामंजी. समाधीजवळच्या लिंबाआड आम्ही थांबलो. सरपंचांना उभं राहायला तसाही आधार लागत होताच, त्यांनी झाडाला मिठी मारली.

मामंजींनी चिलीम पेटवली, दगडापुढे धरली आणि म्हणाले, "घ्या महाराज."

"हात वर," हवालदार ओरडला.

मामंजींनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "दम धर जरा. महाराजांचं हुयाचंय," म्हणाले.

आणि चमत्कार असा की हवालदार थांबला. महाराजांचं झालं, मामंजींचे दोन झुरके झाले, ठसका लागून गेला, मग त्यांनी चिलीम शहाण्या माणसासारखी हवालदाराच्या हातात दिली.

"पाटीलबाई, पुढे या," साहेब म्हणाले. "आरोपीला ओळखता?"

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ओळखते."

"नाव सांगा."

"नाव घेता येत नाही, साहेब."

"का? धमकी दिलीय?"

"नाही. सासरे आहेत माझे."

फौजदार आभाळाकडे बघत उभे राहिले. सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि आरोपीचं नाव पोलीस पाटलानं सांगायचं ही सरकारची. दोन्ही मोडून चालण्यासारख्या नव्हत्या. तेवढ्यात झाडाकडून सरपंच म्हणाले, "उखान्यात घ्या की वैनी. अमक्याची सून, तमक्याचं नाव घेते..."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. ज्या बाईचा नवरा गेला तिनं उखाणा कुणासाठी घ्यायचा? हवालदारसुद्धा खाली बघायला लागला.

"लिवा," मामंजी म्हणाले. "केरबा गेनू घुटुकडे. पोरीला कशापायी तरास देता?"

पंचनामा सुरू झाला. "गांजा कोणी ओढला?" साहेबांनी विचारलं.

"पैल्यांदा महाराजांनी. मग म्या."

हवालदारानं लिहिता लिहिता मान वर केली. "साहेब, महाराजांना फरार दाखवू का?"

"मयत दाखव," साहेब कंटाळून म्हणाले.

ठाण्यात आल्यावर कोंढाळकरांनी मामंजींना खुर्ची दिली, चहा दिला. माणूस वाईट नव्हता. पुन्हा तंबाखू मळत त्यांनी समजावलं, "हे बघा आजोबा, कायदा सरळ आहे. गुन्हेगार असाल तर सहा महिने आत. व्यसनी असाल आणि उपचार घेतो म्हणालात तर दवाखाना, आणि तिथून घरी. तुम्ही दोघांपैकी कोण?"

"कुनीच न्हाई. माझा नेम हाय."

"नेम म्हणजे सवयच ना?"

"सवय मोडती. नेम मोडत न्हाई."

"मोडत नाही म्हणजे सुटत नाही. मग ते व्यसनच झालं की."

"तसं कसं? व्यसन आपल्या जिवासाठी आसतंय," मामंजी म्हणाले. "नेम दुसऱ्यासाठी."

"कोणासाठी?"

मामंजींनी चहाची बशी तोंडाला लावली. साहेबांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सोडली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही समजवा. नाहीतर मला कागद पुढे पाठवावे लागतील."

मी मामंजींना व्हरांड्यात नेलं. "व्यसनी म्हणा ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"दिन्याला म्हनत हुते व्यसनी," ते म्हणाले. दिन्या म्हणजे त्यांचा मुलगा, आमचे हे. "आता बापबी तसलाच, असं म्या माझ्या तोंडानं सांगू?"

"तुम्ही आत गेलात तर मी भाकरी कुणासाठी थापायची, मामंजी? मला कोण आहे?"

मी कधी असं बोलले नव्हते. मामंजी कठड्यावरच्या मुंगीकडे बघत बसले. हट्ट मात्र सोडला नाही. शेवटी साहेबांनीच तोड काढली. म्हणाले, तोंडानं कबूल करत नसतील तर डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवू, चिलीम मिळाली नाही की हातपाय आपोआप बोलायला लागतील.

पण मामंजींचे हातपाय काही बोलेनात. दवाखान्यात ते गाढ झोपायचे. खिचडी आवडीनं खायचे, वर लोणचं मागायचे. संध्याकाळ झाली की खिडकीशी जाऊन उभे राहायचे, एवढंच. डॉक्टर तरुण होते. तपासून झालं की बाहेर जाऊन सिगारेट ओढून यायचे आणि पुन्हा तपासायचे.

"घाम नाही, थरथर नाही, चिडचिड नाही," ते मला म्हणाले. "चिलमीची आठवण येते का विचारलं, तर म्हणतात, दवाखान्यात कशाला येईल, समाधी तिकडं आहे. बाई, मला यांना व्यसनी म्हणता येणार नाही."

"मग?"

"मग ते निरोगी आहेत."

म्हणजे सहा महिने. मी कपाळावर हात मारून घेतला. चिलीम सुटली नसती तर मामंजी सुटले असते. ती सहज सुटत होती म्हणून ते आत जाणार होते. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं, माझं समजण्यात चुकतंय का. ते म्हणाले, नाही, तुमचं बरोबर आहे, आणि बाहेर गेले.

ते जाताच मी मामंजींच्या खाटेजवळ गेले. "मामंजी, जरा हात थरथरवा."

"काय?"

"डॉक्टर आले की असा हात थरथरवायचा. तोंड वेडंवाकडं करायचं. ओरडलात तर फारच बरं."

मामंजींनी दोन्ही हात पुढे धरून हलवले. चाळणीत दाणे चाळावेत तसे. मला त्या परिस्थितीतही हसू आलं आणि तेही गालात हसले.

"असं नाही, त्या शेजारच्या खाटेवर बघा," मी म्हणाले. "तसं करा."

तिथं एक तिशीचा माणूस होता. दारू बंद केली म्हणून त्याला हातापायांनी खाटेला बांधलं होतं. सगळं अंग हलत होतं, दात वाजत होते, आणि त्याची आई पेल्यानं पाणी पाजायला बघत होती, ते सगळं गळ्यावरून खाली येत होतं. मी बोट दाखवलं आणि बोट दाखवल्यावर मला दिसलं मी काय दाखवतेय ते.

मामंजींनीही तिकडे पाहिलं आणि आपले हात खाली घेतले.

"तसं न्हाई मी करायचा," ते म्हणाले. "पोरी, तू कुनाचीबी नक्कल करायला लाव. ह्याची नगं." मग अंगावरची चादर नीट घडी करत म्हणाले, "तुझ्या सायबाला सांग, व्यसनी हाय म्हनतो. नेम सोडला. घरी जाऊ."

मी घाईघाईनं साहेबांना फोन लावला. मामंजींचा विचार बदलायच्या आत सगळं उरकायचं होतं, एवढंच मला सुचलं.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "व्यसन आहे का?" मामंजी म्हणाले, "आसंल." "सोडणार का?" "सोडलं." आता व्यसनी असल्यामुळे त्यांना शिक्षा झाली नाही. दवाखान्यात पुन्हा दाखल केलं. जी चिलीम ते ओढतच नव्हते ती सुटल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आणि आम्ही घरी आलो.

कुरणवाडी नशामुक्त झाली. आमच्यासारखं काम तालुक्यात कुणाचंच झालं नाही, कारण बाकीच्या गावांत काही ना काही उरलं होतं आणि आमच्याकडे शंभर टक्के लोक मुक्त झाले होते, म्हणजे मामंजी. वेशीवर कमान लागली. सभेत मामंजींना शाल आणि नारळ दिला. सरपंच बोलायला उठले, ध्वनिक्षेपकाचा दांडा धरून सावरले आणि म्हणाले, "केरबाअण्णांचा आदर्श सगळ्यांनी डोळ्याम्होरं ठिवावा. मान्साला काय अशक्य न्हाई." पहिल्या रांगेपर्यंत वास येत होता. कोंढाळकरसाहेबांनी टाळ्या वाजवण्यासाठी तंबाखू मळायची थांबवली.

त्यानंतरच्या संध्याकाळी काही सरेनात. दिवेलागण झाली की मामंजी सवयीनं हातपाय धुवायचे, अंगणात यायचे आणि तिथंच घुटमळायचे. शेजारणीच्या कोंबड्या त्यांच्या पायांतून जायच्या, तरी बोलायचे नाहीत. कडक भाकरी मुकाट्यानं खायचे. मला आधी बरं वाटलं, तिरसटपणा गेला म्हणून. मीही एक मूर्खच.

मग एकदा ते संध्याकाळी बाहेर गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. मी ताट वाढलं. ते जवळ बसले आणि माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. तो वास मला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. संसाराची सगळी वर्षं मी त्या वासाशेजारी काढली होती. फाट्यावरच्या देशी दारूच्या दुकानाचा तो वास होता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी जास्त. मी ठाणं गाठलं.

"साहेब, मामंजी प्यायला लागलेत."

"काय?" कोंढाळकर खुर्चीत पुढे झुकले. "चिलीम?"

"नाही. दारू."

ते पुन्हा मागे टेकले. "घाबरवलंत बाई. त्या दुकानाला परवाना आहे. मी काय गुन्हा दाखल करू?"

"माझे मालक त्याच दुकानावर पिऊन पिऊन गेले, साहेब. शेवटी रक्त ओकत होते. त्यांचा पंचनामा कोणी केला नाही."

साहेबांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. तळहातावरची तंबाखू त्यांनी तशीच झटकून टाकली. "मी तरी काय करू?" ते म्हणाले. "तुमच्या गावात मोहिमेखाली आता कोणी उरलं नाही. कमानसुद्धा लागली."

घरी आले तेव्हा मामंजी ओट्यावर बसले होते. अजून गेले नव्हते, जायच्या तयारीत होते. मी वाटेत आडवी उभी राहिले.

"तुम्ही दारूला कधी हात लावला नव्हता. आता या वयात?"

"सांजचं काय करायचं मग?" ते म्हणाले.

"नेम कुणासाठी होता, मामंजी? साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. मला तरी सांगा."

ते टोपी काढून हातात फिरवत बसले. "दिन्यापायी. त्याची सुटावी म्हनून महाराजांस्नी बोललो हुतो. रोज तुमची चिलीम भरीन, पोराची बाटली सोडवा."

"पण ते तर गेले."

"म्हाईत हाय मला. माझ्याच खांद्यावर गेला." टोपी फिरायची थांबली. "पर नेम मोडला नव्हता. नेम चालू हाय तवर मागनं चालू हाय, पोरी. तिथं बसलं की वाटायचं, आजून सुटंल त्याची. मी दवाखान्यात सोडला म्हन्लं आन् मग त्यो गेला माझा. तवाच."

मी तिथंच ओट्यावर बसले. सासऱ्यासमोर अशी कधी बसले नव्हते. आम्ही दोघं रडलो. एकमेकांकडे न बघता, पण पुष्कळ रडलो. त्या संध्याकाळी मामंजी फाट्यावर गेले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळची मात्र मला खात्री नव्हती.

दुसरा दिवस बाजाराचा होता. बाजारात देवाचं सामान विकणारी एक म्हातारी बसायची. वर कापूर, उदबत्त्या, हळदकुंकू, आणि पोत्याखाली बाकीचं. हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, गोसाव्याच्या चिलमीचं द्या," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू कुरनवाडीची पोलीस पाटलीन न्हवं? माझ्याकडं तसलं कायबी नसतंय बाई. कापूर घे."

"मी धाड घालायला आलेले नाही. मला खरंच पाहिजे."

"धाड घालनारं असंच म्हनत्यात."

मी शपथ घेतली. तिनं कापूर पुढे केला. मी हात जोडले, तर तिनं उदबत्त्यांचा पुडा दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडायला निघाले होते आणि मला कोणी मोडू देत नव्हतं. शेवटी मी तिच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं, महाराजांपासून दारूपर्यंत.  म्हातारीनं मधेच दोन गिऱ्हाइकांना कुंकू दिलं. माझं संपल्यावर तिनं पोत्याखाली हात घातला, पुडी काढली आणि माझ्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली स्वतःच सरकवली.

"वाइचच दिलंय," ती म्हणाली. "नेमापुरतं."

दिवेलागणीला मी मामंजींपुढे पुडी ठेवली, आणि आणलेली नवी चिलीमही ठेवली. जुनी ठाण्यात जप्त होती.

"तू पोलीस पाटील हाईस," ते म्हणाले.

"आहे."

"कुनी बघितलं म्हंजी?"

"बघायचं काम माझंच आहे. चला."

आम्ही गावातून निघालो. ते पुढे, मी चार पावलं मागे, डोक्यावर पदर. सरपंच पारावर बसले होते. त्यांनी आम्हाला मोठा रामराम केला आणि तोल सावरला. समाधीवर धूळ साचली होती. मामंजींनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली, दिवा लावला. मी समाधीकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून दगडावर बसले. नोकरी जाईल, कदाचित मीही आत जाईन, हे कळत होतं. तरी मन शांत होतं.

मागे काडी ओढल्याचा आवाज झाला.

"घ्या महाराज," मामंजी म्हणाले. मग जरा थांबून, जे मी कधी ऐकलं नव्हतं, ते म्हणाले, "दिन्याची सुटू द्या. लवकर घरी यिऊ द्या त्याला."

मी तोंडात पदर कोंबला. फाट्याकडून येणारा रस्ता तिथून लांबपर्यंत दिसायचा. कोणी येतंय का, ते मी बघत राहिले.